पंधराचा वर्ग

मंडळी, बरेच विकांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगतो, म्हणजे आजच्या विषयाकडे गाडी कशी वळली तेही कळेल.

आमच्या भागातल्या एका वस्तीत शनिवार-रविवारी मी मुलांना संगणक शिकवायचो. दोन वर्षं चाललं. जुने संगणक मी जमवले, खोलीचं भाडं मी भरलं, मुलांची यादी माझ्या लॅपटॉपमध्ये आणि कुलुपाची किल्ली माझ्या खिशात. दोनतीन मित्र मदत करू म्हणाले, पण त्यांना समजावत बसण्यापेक्षा आपणच केलेलं बरं असं वाटायचं. (आमच्या धंद्यातल्या लोकांना हा रोग जरा जास्तच असतो.) मग मला टायफॉइड झाला. महिनाभर अंथरुणात. बरा होऊन गेलो तेव्हा मालकाने खोली दुसऱ्याला दिली होती आणि मुलं पांगली होती. राग कोणावर काढायचा? किल्ली तर माझ्याच खिशात होती.

हापिसात माझ्या शेजारी बसणारा एक सहकारी आहे, ख्रिस्ती, माझ्याहून वयाने बराच मोठा. चहा पिता पिता त्याला ही रडकथा ऐकवली. तो शांतपणे म्हणाला, "अरे, तू सगळं स्वतःच्या जिवावर चालवलंस, म्हणून तुझ्या जिवाबरोबर ते आडवं झालं." मग म्हणाला, "तू त्याच लाइनवरचा ना? केडगावची रमाबाई वाच."

आता गंमत बघा. माझं लहानपण पुणे-दौंड लाइनीवर गेलं. शटलने जाताना उरुळी, यवत, खुटबाव आणि मग केडगाव. हे स्टेशन मी शेकडो वेळा बघितलंय. आमच्या घरच्यांसाठी केडगाव म्हणजे नारायण महाराजांचं बेट आणि तिथलं दत्तमंदिर. पलीकडे "मुक्ती मिशन" आहे एवढं ऐकून माहीत, उतरून कधी पाहिलं नव्हतं. पंडिता रमाबाई म्हणजे शाळेच्या पुस्तकातला एक परिच्छेद: विदुषी, विधवांसाठी शारदा सदन, पुढे धर्मांतर. संपलं.

म्हणून मग आजारपणानंतरचे सगळे विकांत त्यांच्याबद्दल वाचण्यात घालवले. एक प्रश्न डोक्यात घेऊन वाचत होतो: स्वतःच्या बळावर नाही, देवाच्या बळावर काम करायचं म्हणजे नक्की काय करायचं? हात जोडून बसायचं? की हे फक्त बोलायचं आणि मागच्या दाराने आपलीच धावाधाव चालू ठेवायची?

आधी हे लक्षात घ्या, की स्वतःच्या बळाची कमतरता असलेलं हे माणूसच नव्हतं. जन्म २३ एप्रिल १८५८, गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला. आईने मुलीला शिकवलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. उरलेली दोन भावंडं, रमा आणि श्रीनिवास, हजारो मैल पायी हिंडली. अन्नाला महाग, पण तोंडात भागवत. १८७८ मध्ये कलकत्त्याला पंडितांनी परीक्षा घेतली आणि "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. तेव्हा वय वीस! १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत नवरा पटकीने गेला. पदरात लहानगी मनोरमा.

बाई पुण्याला आल्या आणि त्याच वर्षी, म्हणजे १८८२ मध्ये, आर्य महिला समाज काढला, "स्त्रीधर्मनीति" लिहिलं आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ ला इंग्लंड, तिथे वाँटेज इथे बाप्तिस्मा. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि दोनअडीच वर्षं तिथे राहिल्या. १८८७ मध्ये त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. गावोगाव व्याख्यानं दिली, मंडळं उभी केली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला "रमाबाई असोसिएशन" स्थापन झालं आणि त्यांनी दहा वर्षं खर्च द्यायचं कबूल केलं. परत आल्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं.

थोडक्यात, कर्तबगारीचा चालताबोलता नमुना. त्या इंग्रजी पुस्तकाच्या शेवटी त्यांनी हिंदू स्त्रियांच्या तीन गरजा सांगितल्यात, आणि त्यात पहिली कुठली? स्वावलंबन! (दुसरी शिक्षण, तिसरी देशी शिक्षिका.) मग हीच बाई पुढे "माझ्या बळाने काही होत नाही" असं का म्हणू लागली? मला इथेच खरा रस वाटला.

१९०७ साली त्यांनी आपली कहाणी इंग्रजीत लिहिली. त्यात त्या स्वच्छ सांगतात, की बाप्तिस्मा घेऊन आठेक वर्षं झाल्यावर त्यांना कळून आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त सापडलेला नाही. धर्म बुद्धीला पटला होता, इतर मतांशी ताडून निवडला होता. आमच्या भाषेत बोलायचं तर कागदपत्रं सगळी वाचून झाली होती, प्रणाली चालू करून पाहिलीच नव्हती. १८९१ च्या सुमारास हे भान आलं. आपण काही मिळवायचं नाही, दिलेलं घ्यायचं आहे, हे मान्य करणं त्यांना जड गेलं असणार. जन्मभर ज्यांनी सगळं मिळवूनच घेतलं त्यांना ते जडच जातं.

त्यानंतर त्यांच्या वाचनात तीन माणसांचं काम आलं: ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर, चायना इनलँड मिशनचे हडसन टेलर आणि न्यू हेब्रिडीज बेटांवरचे जॉन पेटन. आणि त्यांना प्रश्न पडला, की देवावर असा भरवसा परदेशात टाकता येतो, तर हिंदुस्थानात का नाही?

यातल्या म्युलरची गोष्ट थोडी सांगायलाच हवी, कारण ती आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. हा मूळचा प्रशियाचा, जन्म १८०५. तरुणपणी चक्क उचलेगिरी करून तुरुंगात जाऊन आलेला. पुढे इंग्लंडला आला आणि एप्रिल १८३६ मध्ये ब्रिस्टलच्या विल्सन स्ट्रीटवर तीस मुलींसाठी अनाथगृह काढलं. नियम दोन: कोणाही माणसाकडे पैसे मागायचे नाहीत आणि कर्ज करायचं नाही. जे मागायचं ते देवाकडे. त्याचा उद्देशही त्याने लपवला नाही. अनाथांची सोय हा होताच, पण त्याहून मोठा हेतू म्हणजे देव आजही ऐकतो हे लोकांना डोळ्यांनी दिसावं. १८७० पर्यंत ॲशली डाउनच्या टेकडीवर पाच मोठ्या इमारती झाल्या. एका वेळी दोन हजारांवर मुलं राहतील एवढी जागा. १८९८ मध्ये तो वारला तोवर सुमारे दहा हजार मुलं त्या दारातून गेली होती.

पण मला भावलं ते वेगळंच. हा माणूस हिशेबात अत्यंत काटेकोर होता. आलेल्या प्रत्येक देणगीची पावती, दरवर्षी छापील अहवाल. आता तुम्ही म्हणाल, "अहो, अहवाल छापणं म्हणजे मागणंच की!" हा आक्षेप त्याच्या हयातीतही घेतला गेला आणि त्यात तथ्य आहे. पण १८४१ च्या शेवटी अनाथगृहाची तिजोरी खडखडीत असताना अहवालाची आणि सभेची वेळ आली, तेव्हा त्याने दोन्ही पुढे ढकललं. आत्ता अहवाल काढला तर ते हात पसरल्यासारखं दिसेल म्हणून! म्हणजे आपल्या पद्धतीला फट कुठे आहे हे त्याला माहीत होतं आणि त्या फटीतून तो स्वतः आत शिरत नव्हता. भरवसा आणि काटेकोर हिशेब एकाच माणसात नांदू शकतात, ही माझ्यासाठी बातमीच होती.

आता परत केडगावला.

बोस्टनची मदत दहा वर्षांची. ती संपल्यावर काय? रमाबाईंनी कोणीही शहाणा माणूस करेल तेच केलं: योजना आखली. केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि संत्री, लिंबं, आंबे अशी फळझाडं लावायला घेतली. बागेचं उत्पन्न येईल, संस्था आपल्या पायावर उभी राहील. अगदी रीतसर स्वावलंबन.

याच काळातला एक प्रसंग मला फार आवडला, आणि या लेखाचं नाव त्यावरूनच आलंय. लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांची शिबिरं भरत. १८९६ च्या सुमारास अशाच एका शिबिरात रमाबाई पहाटे उठून रानात एकट्या प्रार्थनेला बसल्या. त्यांच्याकडच्या पंधरा मुली तोवर ख्रिस्ती झाल्या होत्या. त्यांनी देवाकडे काय मागावं? पुढच्या शिबिरापर्यंत या पंधराचा वर्ग कर! गुणाकार-बेरीज नाही, वर्ग. दोनशे पंचवीस. शारदा सदनात तेव्हा एकूण मुलीच पन्नासच्या आतबाहेर होत्या. गणित बसतच नव्हतं, आणि ते बसत नाही हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी आल्यावर त्यांना आपलं लहानपण आठवलं, रानात उपाशी हिंडणारी ती दोन भावंडं. तिकडे जाऊन त्यांनी पाहिलं ते भयंकर होतं. अनाथ झालेल्या, बायकांच्या दलालांच्या हाती पडणाऱ्या पोरी. बोस्टनचा पैसा होता शारदा सदनातल्या उच्चवर्णीय विधवांसाठी. या पोरी कुठल्याही जातीच्या, आजारी, उवांनी भरलेल्या, त्यांच्यासाठी कोणी एक पैसा कबूल केलेला नव्हता. तरी त्यांनी आणायला सुरुवात केली. काही महिन्यांत तीनशेच्या घरात मुली. तेवढ्यात १८९७ ला पुण्यात प्लेग, एवढी माणसं शहरात ठेवता येणार नाहीत असं फर्मान आलं. मग सगळा काफिला केडगावच्या त्या शेतावर, तंबूत आणि छपरात. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर माणसं लावली गेली.

वर्गाचं उत्तर आलं, पण असं! पहाटे रानात बसून मागताना त्यांच्या मनात दुष्काळ नक्कीच नसणार. ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. एकीची प्रार्थना पुरी व्हायला इतक्या लोकांनी का मरावं? मला उत्तर माहीत नाही. एवढंच दिसतं, की दुष्काळ आला तेव्हा ही बाई "माझ्या योजनेत हे नाही" म्हणाली नाही.

१८९८ मध्ये दहा वर्षांचा करार संपला. त्या अमेरिकेला जाऊन असोसिएशनला हिशेब देऊन आल्या, आणि मंडळींनी नव्याने संस्था बांधून शारदा सदनाला मदत चालू ठेवली. पण त्याच साली केडगावला "मुक्ती"ची रीतसर उभारणी झाली, आणि मुक्तीमागे कोणाचाही करार नव्हता. मग १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, गुजरातेतून आणखी मुली. १९०० सालच्या अखेरीस केडगावात जवळजवळ दोन हजार माणसं होती. कल्पना करा मंडळी, रोज दोन्ही वेळा दोन हजार ताटं. माझी तीस मुलांची शाळा एका टायफॉइडात बुडाली!

हे चाललं कसं? प्रार्थनेने, असं त्या म्हणतात. पण मी जरा आत डोकावून पाहिलं, तर तिथे काय काय चालायचं: विणकाम, शिवण, शेती, दूधदुभतं, तेलाचा घाणा, छापखाना, शिक्षिकांचा वर्ग, आजाऱ्यांची शुश्रूषा. आंधळ्या मुलींसाठी ब्रेल, त्यांच्या घराचं नाव बार्तीमी सदन. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. आणि ही कामं करत होतं कोण? मिनी अब्राम्ससारख्या बाहेरून आलेल्या थोड्या बाया होत्या, पण मुख्यतः त्याच दुष्काळातल्या पोरी. काल जिला उभं राहायचं बळ नव्हतं ती आज नव्या आलेलीला न्हाऊ घालत होती.

इथे मला माझी चूक दिसली. मी ज्यांना "समजावत बसण्यापेक्षा" बाजूला ठेवलं, ते मित्र या पोरींपेक्षा कितीतरी धडधाकट होते. स्वतःच्या बळावर काम करणाऱ्याला दुसऱ्याच्या दुबळेपणाची अडचण होते. जिने स्वतःचंच बळ मोजणं सोडलं, तिला दुसऱ्याचं बळ कमी आहे याची भीती राहत नाही. पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हाच विचार आहे: तो आपल्या शरीरातला काटा काढून टाक म्हणून विनवतो, काटा निघत नाही, आणि त्या दुबळेपणातच देवाचं सामर्थ्य पुरं होतं असं त्याला कळतं. मी हे वाचलं तेव्हा छान कल्पना म्हणून वाचलं होतं. केडगावात त्याची शिधापत्रिका बघायला मिळाली.

आणि स्वावलंबनाचं काय झालं? ते कुठे गेलंच नाही. मुक्तीतली प्रत्येक मुलगी हाताने काहीतरी करायला शिकत होती, म्हणजे भावाच्या, दिराच्या, सासऱ्याच्या तोंडाकडे बघायला नको. रमाबाईंना माणसांवरचं परावलंबन नको होतं. देवावरचं अवलंबन त्यांना त्याच्या विरुद्ध वाटत नव्हतं. उलट त्यामुळेच माणसांपुढे मान ताठ ठेवता येते असा त्यांचा अनुभव दिसतो. १८९७ च्या प्लेगात आपल्या एका मुलीचे सरकारी व्यवस्थेत झालेले हाल त्यांनी वर्तमानपत्रातून मांडले, तो विषय थेट विलायतेच्या पार्लमेंटात गेला. सरकारची मर्जी सांभाळणारी ही बाई नव्हती, आणि मिशनऱ्यांचीही नव्हती. इंग्लंडमध्ये असतानाच तिथल्या धर्मगुरूंशी आणि जोगिणींशी त्यांचे खटके उडाले होते.

आता दुसरी बाजू. ती न सांगणं म्हणजे आरती ओवाळणं होईल.

शारदा सदन सुरू झालं ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायच्या अटीवर. रानडे, भांडारकरांसारखी मोठी माणसं सल्लागार होती. पण रमाबाई प्रार्थना करायच्या तेव्हा खोलीचं दार उघडं असायचं आणि मुली येऊन बसायच्या. १८९३ मध्ये यावरून वादळ उठलं. "केसरी"ने झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कोणाला बोलावत नाही, पण दार का लावून घेऊ? पालकांचं म्हणणं, आमची पोर तुमच्या छपराखाली तुमचं अन्न खाते, तिच्यावर दाराच्या उघडेपणाचाही दाब असतो. मला दोन्ही पटतं. दुष्काळातल्या उपाशी मुलीच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. देवाच्या बळावर विसंबणाऱ्याने आपल्या हातातल्या ताटाचंही एक बळ असतं हे विसरू नये, असं मला वाटतं.

आणि पैशाचं म्हणाल, तर मुक्तीचंही "प्रेयर बेल" नावाचं पत्रक निघायचं, परदेशातले लोक ते वाचायचे आणि पैसे पाठवायचे. देवाने मदत पाठवली ती टपालाने पाठवली. श्रद्धावंताला यात विरोध दिसणार नाही, संशयी माणसाला दिसेल. मी मधे कुठेतरी.

याच्याशी ताडून बघायला आपल्याकडे एक सुंदर उदाहरण आहे. महर्षी कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८, म्हणजे रमाबाईंच्या आधी फक्त पाच दिवस! त्यांनी पुनर्विवाह केला तो गोदूबाईंशी, आणि त्या शारदा सदनातल्या अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्न ११ मार्च १८९३ ला, शारदा सदनाच्या वाढदिवशी. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला नेला. पैसा कसा उभा केला? दारोदार मागून. आणे-दोन आण्यांपासून. हिंगणे ते पुणे पायी रोजची ये-जा. त्यांनी देवाचा हवाला दिला नाही, माणसांच्या चांगुलपणाला हाक मारली, आणि तेही उभं राहिलं आणि टिकलं.

म्हणजे काम उभं राहिलं हा देवाच्या बळाचा पुरावा म्हणून पुढे करता येणार नाही. म्युलरला तसा पुरावा द्यायचा होता, पण कर्वे समोर दिसत असताना मला तो मानता येत नाही. मग रमाबाईंच्या भरवशाचं वेगळेपण कशात? मला वाटतं, ते यशात शोधायचंच नाही. ते शोधायचं शेवटच्या वर्षांत.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठी धार्मिक जागृती झाली, जगभर तिचा बोलबाला झाला. पण रमाबाईंनी स्वतः त्यानंतरची वर्षं एका किचकट कामाला दिली. अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणायचं, आणि तेही अशा मराठीत की केडगावातल्या साध्या बाईला वाचता यावं. संस्कृतची सरस्वती म्हणवली गेलेली बाई संस्कृत शब्द वेचून बाहेर काढत होती. खिळे जुळवायचं, छापायचं काम मुक्तीतल्याच बायकांचं. कान जवळजवळ गेलेले, प्रकृती ढासळलेली. संस्थेचा भार मनोरमाबाईंवर सोपवलेला. आणि १९२१ मध्ये मनोरमाबाईच गेल्या, वय अवघं चाळीस.

आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. वारसदार गेला, मालक आजारी, सगळं बंद पडायला हवं. रमाबाईंनी काय केलं? दुसरी व्यवस्था लावली आणि परत प्रुफं तपासायला बसल्या. शेवटची प्रुफं हातावेगळी झाली आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ ला, त्या झोपेतच गेल्या असं सांगतात. ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. त्यांनी ते पाहिलं नाही. मुक्ती मिशन आज शंभरहून जास्त वर्षांनंतरही केडगावला आहे.

मध्यंतरी एका शनिवारी मी शटलने केडगावला उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा. फार काही केलं नाही, बाहेरून हिंडलो, चर्चची ती दगडी इमारत पाहिली, झाडं पाहिली. त्यांतलं कुठलं त्या पहिल्या बागेचं असेल का, असा बालिश विचार करत चहा प्यायलो आणि परत आलो.

सोमवारी सहकाऱ्याला म्हणालो, "कळलं. कामं वाटून द्यायची, एकट्याने ओढायचं नाही." तो हसला. "एवढ्यासाठी रमाबाई कशाला वाचायला हवी? हे तुमच्या मॅनेजरच्या ट्रेनिंगमध्येही सांगतात. तू तिच्या वाक्यातला देव काढून टाकलास आणि उरलेलं घरी आणलंस."

लागलं मला ते. कारण खरंच होतं. मी देवळात जाणारा नाही, चर्चमध्ये तर नाहीच. आजी माझी कुठलंही काम झालं की "कर्ता करविता तो" म्हणून हात वर करायची, आणि मला वाटायचं की ही म्हातारी स्वतःचं श्रेय उगाच घालवते. आता वाटतं, ती श्रेयाबरोबर ओझंही खाली ठेवत असावी. मनोरमाबाईंच्या जाण्यानंतर रमाबाई प्रुफांकडे वळू शकल्या त्या कामवाटपाच्या तक्त्यामुळे नाही. आपण नसलो तरी हे ज्याचं आहे तो आहे, अशी खात्री असल्याशिवाय तसं वळता येत नाही. ती खात्री माझ्याकडे नाही. ती नसताना तिचा फायदा तेवढा हवा असं म्हणणं म्हणजे परवाना न घेता सॉफ्टवेअर वापरणं :)

पण एक तेवढं करता येतं: हे "माझं" आहे हा हट्ट सोडणं. वस्तीत नवी खोली मिळाली आहे. या वेळी किल्ल्या तीन केल्या आहेत, आणि त्यातली एक नववीतल्या एका मुलीकडे आहे, जिला मागच्या वर्षी माऊस धरता येत नव्हता. पहिल्या रविवारी मी मुद्दाम गेलो नाही. दिवसभर घरात अस्वस्थ येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळी फोन आला: एक संगणक चालू झाला नाही, बाकी वर्ग झाला.

विश्वास ठेवणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं, तेही नववीतल्या पोरीवर. देवावर ठेवणाऱ्यांचं काय होत असेल!

असो. केडगाव लाइनीवर राहणाऱ्यांनी एकदा उतरून पाहा. भेटू पुढच्या विकांताला.